लाथेआधी प्लास्टर

मी आईच्या पोटातून पायांनी बाहेर आलो. आमच्या गावची सुईण सांगायची, की आधी एक तळवा दिसला, मग दुसरा, तेव्हा तिने मला परत आत ढकलून ‘नीट ये’ म्हणून दटावलं, पण मी ऐकलं नाही. कुंभार पिंपळगावच्या बाजूला अजूनही पोर हट्टी निघालं तर माझं नाव घेतात असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

असं पायांनी जन्मलेलं पोर म्हणजे पायाळू. शहरातल्या वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे कोणाच्या पाठीत उसण भरली, चमक निघाली, की पायाळू माणसाला बोलावतात. दुखणाऱ्याने पालथं पडायचं आणि पायाळूने त्याच्या पाठीला पाय लावायचा. साध्या भाषेत, लाथ मारायची. की दुखणं पळालं. मला स्वतःला चालता येत नव्हतं तेव्हापासून लोक मला काखेत उचलून आपापल्या पाठींवर टेकवायचे. एका बापाला सोडलं तर गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला मी लाथ मारलेली आहे, आणि वर नारळ घेतलेला आहे. हे भाग्य आमदारालाही मिळत नाही.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि मी पोटापाण्यासाठी जालन्याला आलो. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातलं बाजारपेठेचं गाव होतं. तिथल्या दवाखान्यात मी ड्रेसर म्हणून लागलो. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं आणि मोडलेल्या हाडांना प्लास्टर घालणं हे माझं काम. दवाखान्याचे मोठे डॉक्टर रहमानी साहेब हैदराबादेत शिकलेले. उंच, बारीक, उन्हाळ्यातही शेरवानीची सगळी बटणं लावणारे. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. रोगी वाचणार नसेल तर त्याच्या नातेवाइकाला सरळ सांगायचे, आणि मग बाहेर व्हरांड्यात एकटे उभे राहायचे. मी नोकरीला लागल्यावर काही दिवसांतच दवाखान्याच्या मागच्या दाराशी कंबर धरून माणसं बसायला लागली. साहेबांनी चौकशी केली. मला बोलावलं.

“बाबूराव, ये लोगां दवा के वास्ते आये कि तुम्हारी लात के वास्ते?”

“लातीसाठी, साहेब.”

“घर पे जिसकू मारना मारो. मेरे दवाखाने की हद में पाँव जमीन पे रखो.”

मी ठेवला. एक वेळ सोडली तर सगळी नोकरी मी साहेबांचं ऐकलं.

प्लास्टर म्हणजे काय तेही सांगून टाकतो. आता तयार पट्ट्या पाकिटातून निघतात. तेव्हा आम्ही जाळीचं कापड लांब फाडायचो, त्यावर पांढरी भुकटी हाताने चोळायचो आणि गुंडाळी करून डब्यात ठेवायचो. पावसाळ्यात भुकटी ओल धरायची. मग मी ती तव्यावर भाजायचो, रवा भाजावा तशी. माझी बायको सांगते की एकदा मी घरी त्याच सवयीने रवाही असा भाजला की शिऱ्याची वीट झाली. गुंडाळी पाण्यात सोडायची, बुडबुडे थांबले की काढायची, पिळायची आणि अंगावर फिरवायची. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं. पोरं ओरडायची, “काका, पाठीवर भाकर भाजून राह्यलेत का?” मी म्हणायचो, “भाजली की पयली तुलाच.” जाफराबादच्या एका पोराला मी छाती-पाठीभोवती घातलेलं प्लास्टरचं जाकीट इतकं पक्कं होतं, की बैलाने मारलं तर शिंग वाकलं. तो बैल आज असता तर दाखवला असता. आणखी एक पोरगी जाकिटाच्या फटीत हरभरे लपवून खायची. घामाने त्यातल्या एकाला मोड आला. प्लास्टर कापलं तेव्हा हिरवं पान निघालं. हे मात्र खरं आहे.

माझ्या हाताखालून सगळ्यात जास्त गेली ती पोरांची हाडं, आणि त्यात सगळ्यात अवघड पाठी. मोठी माणसं कोणत्याही दिवशी पाठ मोडून घेतात, पोरं मात्र हंगाम पाळतात. वर्षभर नुसतं दवाखान्याच्या दारात बसलं तरी शेतात काय चाललंय ते मला कळायचं. ज्वारी कणसात भरली की माळ्यावरून पडलेली पोरं यायची. शेतात चार मेढींवर उंच माळा बांधतात, पोर त्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकतं. दगड सुटतो आणि त्याच्या मागून पोरही सुटतं. पुढे कडब्याच्या गाड्या सुरू व्हायच्या. घराएवढा उंच भरलेला कडबा, वर पोरं बसलेली, गाडी नाल्यात उतरली की सगळ्यात वरचं पोर खाली. बारमाही धंदा होता विहिरीतून पाणी ओढायच्या मोटेचा. बैल उताराची धाव उतरायला लागले की हाकणारा माणूस मोटेच्या दोरावर बसतो. त्याचं पाहून पोरही बसायचं. माणसाला दोर तुटायच्या आधी ऐकू येतो, पोराला नंतर. पावसाळ्यात धाब्याच्या घरांच्या मातीच्या छतांवर गवत उगवायचं. ते काढायला वर गेलेलं पोर उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून थेट चुलीपुढे यायचं. पोळ्याला बैलावरून. उन्हाळ्यात चिंचेवरून, आणि विहिरीत.

विहिरीचं वाईट. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं, पण पोरगं मागच्या महिन्याच्या पाण्यात सूर मारतं.

साहेब मला समजावून सांगायचे. मोठ्या माणसाचा कणा म्हणजे विटांची रास, मध्ये नरम गाद्या. पोराचा कणा म्हणजे ओला फोक. वाकतो, ताणतो, परत जागेवर येतो. पण त्याच्या आतून मज्जेची दोरी जाते, ती तेवढी ताणत नाही. म्हणून कधी कधी एक्स-रेच्या फोटोत हाड अखंड दिसायचं आणि पोराचे पाय मात्र गार. गावचे लोक म्हणायचे, “हाड तं मोडलं न्हाई, मंग उठत काऊन न्हाई?” आणि त्याला उठवायचे. वयाचंही असतं. तीन-चार वर्षांच्या पोराचं डोकं म्हणजे काडीवर ठेवलेला भोपळा. ते पडलं की मार मानेत, अगदी वर जातो. दहा-बाराचं पोर पायांवर नाहीतर बुडावर आपटतं, त्याचा मार बरगड्या संपतात तिथे बसतो. पडल्याने जेवढं नुकसान होतं, तेवढंच पडल्यावर उचलण्याने होतं. ओंडका फिरवावा तसं अख्खं पोर एकदम फिरवायचं, मान-कंबर एका रेषेत, आणि फळीवर सपाट आणायचं. साहेब हे प्रत्येक बाजाराच्या दिवशी व्हरांड्यात उभं राहून लोकांना सांगायचे. लोक अदबीने ऐकायचे. पुढच्या बाजाराला त्यातलाच एखादा आपलं पोर मांडीवर बसवून आणायचा.

अंबडकडचं एक पोर असंच आलं. विहिरीत सूर मारलेला. गावात त्याने स्वतःच्या हाताने पाणी पिलं होतं. बापाने त्याला गाडीत छातीशी टेकवून बसवलं आणि खड्ड्याखड्ड्यातून आणलं. माया केली बिचाऱ्याने. दवाखान्यात पोचेपर्यंत हातही गेले होते. बाप आम्हाला सांगत होता, “आत्ता तं धरला होता तांब्या, साहेब. आत्ता तं धरला होता.” त्या पोराबद्दल मी कधी गंमत करत नाही.

पाठीच्या दुखण्यात आणखी एक घोटाळा व्हायचा. पाठीला कुबड आलं की घरचे कुठलं तरी पडणं शोधून काढत. आमच्याच गावाकडचं एक पोरगं आणलं होतं, पाठीचा एक मणका गाठीसारखा वर आलेला. आई म्हणाली, पंचमीच्या झोक्यावरून जावेच्या लेकीने ढकललं, तेव्हापासून आहे. त्यापायी दोन्ही घरं बोलत नव्हती, मधली भिंतही उंच करून घेतली होती. साहेबांनी पोराच्या पाठीवरून बोट फिरवलं, रातचा घाम येतो का विचारलं, फोटो काढला आणि सांगितलं, हा हाडाचा क्षय आहे, झोका नाही.

बाप म्हणाला, “म्हंजे त्या पोरीनं ढकललं न्हाई?”

“ढकला होगा. उससे ये नहीं हुआ.”

आईने पोराचा सदरा खाली ओढला. मग मला म्हणाली, “भाऊ, आता भित्तीचं काय करावं?” नवी इंजेक्शनं नुकतीच मिळायला लागली होती, त्याने पोर वाचलं. कुबड राहिलं. भिंतीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

आता चंपाचं सांगतो.

संक्रांत होऊन गेली होती. जालन्याच्या जिनांना, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांना, तेव्हा रात्रंदिवस कापूस पुरायचा. दवाखान्याची सुट्टी होती आणि मी घरी दाढी करून राह्यलो होतो. अर्धी झाली होती, तोच दारात तांगा थांबला.

“पायाळूबुवा, चला जल्दी,” तांगेवाला म्हणाला. “शेठच्या जिनात उसण भरलीय.”

“कुणाला?”

“ते न्हाई मालूम. माँसानं बोलावलंय.”

माँसा म्हणजे शेठ माणकचंदांची आई. राजस्थानातून आलेलं हे घराणं जालन्यात इतकं जुनं होतं, की भांडायला मराठी वापरायचे आणि हिशेबाला मारवाडी. जीन शेठच्या नावावर होता, पण भोंगा माँसाच्या हुकुमाने वाजायचा. त्यांनी बोलावल्यावर दाढी पुरी करणं शक्य नव्हतं. त्या दिवशी जालन्याने मला अर्ध्या दाढीत पाहिलं.

मला वाटलं कुणा हमालाची कंबर असेल. आत गेलो तर रुईच्या खोलीत शेठची दहा वर्षांची मुलगी. दोन हमालांनी काखेत हात घालून तिला बसती धरलेली, केसात, भुवयांवर रुई. जिनात कापसातून सरकी वेगळी होते आणि रुई या खोलीत साठत जाते. हंगामात ढीग छताला लागतो. पाहणाऱ्याला वाटतं ढग आहे. पण तळची रुई वजनाने दबून लाकडासारखी होते, आणि कडेची रुई हमालांनी गठाणी बांधायला ओढून नेली, की तिथे वर पापुद्रा राहतो आणि खाली फरशी. कामगारांची पोरं खिडकीतून या ढिगावर उड्या मारायची. त्यांना जागा माहीत होत्या. मालकाच्या मुलीला कोणी सांगितल्या नव्हत्या, कारण मालकाच्या मुलीला खिडकीवर चढायचीच बंदी होती.

माँसा म्हणाल्या, “पायाळू, किती वेळ लावला. चंपाच्या पाठीत चमक भरली. पाय बधिर झाले म्हणते. मार लात.”

बाजूला तालमीचा खलिफा, पैलवानांचा वस्ताद, बाह्या सारून उभा होता. त्याची मान उखळाएवढी. तो म्हणाला, “लातीनं न्हाई जमलं तं मी हाय. गुडघा पाठीत घालतो, दोन्ही खांदे मागं ओढतो, कट्ट वाजतंय आन् माणूस पळतंय.”

मी चंपाच्या पायाशी बसलो. “चंपाबाई, उजवा अंगठा हलवून दाखव.”

“हलवला ना,” ती म्हणाली.

अंगठा हलला नव्हता.

डावा सांगितला. तो हलला, मुंगी अंगावरून जाताना हलावा तेवढा. टाचणीने टोचलं तर डाव्या पायाला कळत होतं, उजव्याला कळल्यासारखं करत होती. माझ्या डोळ्यांपुढे तो अंबडकडचा तांब्या आला. अजून दोरी तुटलेली नव्हती. एका गुडघ्याने तुटली असती. माझ्या लाथेनेही.

खरं सांगायची वेळ होती. पण कोणाला सांगायचं? माँसांच्या मते डॉक्टर म्हणजे सगळं संपल्यावर बोलवायचा माणूस. खलिफाच्या मते डॉक्टर म्हणजे ज्याला मान नाही असा माणूस. मी दवाखान्यातला ड्रेसर म्हणून बोललो असतो तर खलिफाने मला एका हाताने बाजूला ठेवलं असतं. म्हणून मी पायाळू म्हणून बोललो. आयुष्यभर थापा मारण्याचा जो सराव केला, तो बहुतेक या दिवसासाठी.

“माँसा,” मी म्हणालो, “ही साधी चमक न्हाई. ही बसती चमक हाय. बसत्या चमकेवर लात चालत न्हाई.”

“मग?”

“आधी कणा जमिनीला समांतर पायजे. फळीवर. फळीवर निजवायचं, मग पायाळूनं स्वतःच्या हातानं चुन्याचं कवच घालायचं, कवचात चमक कोंडायची. कवच उतरलं की लात. मधे पाठ वाकली की लातीचा गुण गेला.”

खलिफा म्हणाला, “हे कधी ऐकलं न्हाई.”

“तू पायाळू हायेस?”

“न्हाई.”

“मंग कसं ऐकशील? आणखी एक ऐक. पायाळूनं एकदा हात लावलेल्या पाठीला दुसऱ्यानं गुडघा लावला, तं ती चमक लावणाऱ्याच्या कंबरेत जाते. जल्मभर. वाळूजकडं एक पैलवान हाय, अजून लुगडं वाळत घालायच्या काठीला धरून चालतो.”

खलिफाने बाह्या खाली केल्या. वाळूजला मी आजतागायत गेलेलो नाही.

हमालांनी तिला अलगद आडवी केली, मी मान धरून होतो. गठाणी दाबायच्या प्रेसची रुंद फळी आणवली, दोन्ही बाजूंनी रुई ठासून भरली, पाटीत आंबे भरतात तशी, आणि धोतराच्या पट्ट्यांनी बांधलं. तांगा नको म्हणालो, तांग्याने दात हलतात, मणक्यांचं काय घेऊन बसलात. उचलून न्यायचं ठरलं. हमालांनी सवयीने फळी खांद्यावर घेतली, आणि माँसा दारात आडव्या झाल्या.

“चौघांच्या खांद्यावर माझी नात जाणार नाही.”

त्यांचं बरोबर होतं. भर बाजारातून चार खांद्यांवर आडवं माणूस निघालं तर लोक हात जोडतील. मी म्हटलं, “खांद्यावर न्हाई. कंबरेच्या खाली, हातात. आन् चौघं न्हाई, सहा जण. डोकं पुढं.” तरी माँसा हलेनात. शेवटी चंपाच बोलली. “माँसा, मी रस्ताभर बोलत जाते. मेलेली माणसं बोलत नाहीत.”

आणि ती बोलत गेली. जालन्याचे हमाल गठाण नेताना एका पावलावर चालतात, एकही धक्का बसत नाही. त्या दिवशी ते तसेच चालले, आणि फळीवरून हुकूम सुटत होते. “किसनमामा, तुमचा कोपरा खाली जातोय. ओ टोपीवाले, बघता काय, बाजूला व्हा. पायाळूकाका, तुमची दाढी अर्धीच आहे.” बाजारातल्या एका बाईने सवयीने हात जोडलेच. चंपा म्हणाली, “अजून नाही, मावशी.” शेठ माणकचंद फळीच्या बाजूने उघड्या डोक्याने चालत होते. पगडी जिनातच राहिली होती. दवाखान्याजवळ त्यांनी मला हळूच विचारलं, “बाबूराव, चालेल ना ती?” मी फळीची सैल पट्टी आवळली. थापा मारायच्याही जागा असतात.

रहमानी साहेबांनी फळीवरच तपासलं, फोटो काढला. बरगड्यांखालचा एक मणका दबलेला. “डोरी सूजी है, कटी नहीं,” ते म्हणाले. “अच्छा लाये. बहोत अच्छा लाये.” आम्ही तिच्या पाठीच्या मापाचा प्लास्टरचा साचा केला, तेच तिचं अंथरूण. त्यात ती निजायची, फिरवायची तर साच्यासकट, वाळूच्या पिशव्या दोन्ही बाजूंना. पाठीला जखम होऊ नये म्हणून रोज तिला पालथं घालून स्पिरिटने पुसायचं, पावडर लावायची. हे मी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. पायाळूचाच हात लागला पाहिजे असं मी सांगून बसलो होतो.

आठवडा झाला नसेल, साहेबांनी मला बोलावलं. चेहरा प्लास्टरसारखा.

“वो बुढिया पूछती, लात कब मारते. मेरे वार्ड में लात का वादा किये तुम?”

मी सगळं सांगितलं. खलिफाच्या गुडघ्यापर्यंत आल्यावर ते खुर्चीवर बसले.

“झूठ बोलके लाये.”

“बसवून आणली असती तं खरं बोलून काय कामाचं होतं, साहेब?”

ते बराच वेळ शेरवानीचं बटण फिरवत राहिले. “जुड़ती हुई हड्डी पे लात मारोगे?”

“न्हाई मारणार.”

“तो फिर दूसरा झूठ बोलोगे. और फिर तीसरा. ये रास्ता किधर खतम होता, बाबूराव?”

मी स्पिरिटची बाटली उचलून वॉर्डात गेलो. पण एक गोष्ट घडायला लागली होती. जिनातले हमाल बाजारच्या दिवशी आपापल्या गावी गेले आणि तिथे पोचली ती माझी थाप. पायाळूचा नियम: बसवलेल्या पाठीला गुण नाही. पुढच्या महिन्यात एक पोर दाराच्या फळीवर आलं. मग एक घडवंचीवर. एक तर मळणीच्या फळीवर, सपाट, दोन्हीकडे ज्वारीची पोती. बाप म्हणाला, “वाकू दिलं न्हाई, बुवा. लातीचा गुण जाईल म्हणून.” व्हरांड्यातल्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते होत होतं. साहेब प्रत्येक फळी बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि कामाला लागायचे. त्यातली सगळी पोरं चालली असं मात्र नाही. सपाट येऊनही काहींचे पाय गारच राहिले. अशा आईबापांना लाथेबद्दल काय सांगायचं ते मला सुचायचं नाही. त्यांच्याशी साहेब बोलायचे.

चंपाचा डावा पाय होळीच्या सुमारास पुरा आला. उजव्याची बोटं हलायला लागली, पण पंजा लोंबायचा. अक्षयतृतीयेच्या आधी साचा काढून जाकीट घातलं, पुढे पावसाळ्यात जाकीटही उतरवायचा दिवस ठरला. माँसांनी ही बातमी सगळ्या नातलगांना कळवली होती. नारळ, मिठाई, नवं धोतर माझ्यासाठी. वॉर्डाच्या दारात लग्नाला जमावी तशी माणसं. खलिफाही आला होता, भिंतीला पाठ लावून. साहेब हाताची घडी घालून खिडकीशी उभे.

मी कात्रीने जाकीट कापलं. चंपाची पाठ काठीसारखी बारीक झाली होती. तिला पालथं घातलं.

माँसा म्हणाल्या, “हं. मार.”

मी साहेबांकडे पाहिलं. ते माझ्या पायाकडे पाहत होते. मी पाय धुतला, पुसला, उजवा अंगठा तिच्या खांद्यावर टेकवला, गरम तव्याला बोट लावावं तसा, आणि उचलला. दबलेल्या मणक्यापासून वीतभर लांब.

“झालं?” माँसा म्हणाल्या.

“झालं.”

“एवढीशी?”

“जुनी चमक कोंडून मेली होती, माँसा. मेलेल्याला किती मारावं?”

साहेबांनी आणि मी चंपाला उभं केलं. दोन काठ्या दिल्या. ती दारापर्यंत गेली. डावा पाय पडायचा, उजवा पंजा फरशीवरून घासत यायचा. शेठ रडायला लागले. माँसा रडल्या नाहीत. त्या उजव्या पायाकडे बघत होत्या.

“हा पाय राहिला,” त्या म्हणाल्या. “पायाळू, लात कमी पडली. आणखी एक मार. जोरात. पाठीवर.”

आजूबाजूचे मान हलवायला लागले. खलिफा म्हणाला, “बराबर हाय. कमीच मारली.” चंपाचा उजवा पाय आता रोजच्या कसरतीवर होता, लाथेवर नव्हता. दुखत असताना दिवसातून कित्येक वेळा पंजा वर ओढायचा, पायऱ्या चढायच्या, वर्षभर. मारवाड्याच्या घरात लाडक्या नातीला वर्षभर रडवेल असं कोण होतं? माझ्या सगळ्या थापा त्या क्षणी आटल्या.

तेव्हा खिडकीतून साहेब बोलले.

“दूसरी लात नहीं चलती, माँसा.”

सगळे वळले. मीही.

“पायाळू की लात एक ही बार लगती,” रहमानी साहेब म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “उसका गुण कमर से उतरके पाँव में जाता. लेकिन उतारना पड़ता. रोज सुबह-शाम बच्ची पंजा ऊपर खींचेगी, सीढ़ी चढ़ेगी, उतरेगी. रोयेगी तो भी. एक दिन चूक गये तो गुण वहींच रुक जाता. और ये काम घर का सबसे बड़ा आदमी करवाना. नौकर नहीं.”

माँसांनी माझ्याकडे पाहिलं. “खरं?”

“साहेब म्हणतात तं खरंच,” मी म्हणालो. नोकरीत बोललेलं माझं सगळ्यात प्रामाणिक वाक्य.

माणसं गेल्यावर साहेब हात धुवायला गेले. ऑपरेशननंतर धुवायचे तसे, कोपरापर्यंत, कितीतरी वेळ.

मी टॉवेल घेऊन उभा होतो. “साहेब, हा नियम कुठला?”

“पट्टियाँ लपेटो, बाबूराव.”

मी लपेटायला बसलो.

माँसांनी एकही दिवस चुकवला नाही. जिनातले हमाल सांगायचे, की सकाळी भोंग्याच्या आधी शेठच्या जिन्यावर चंपाचं रडणं ऐकू येतं आणि त्यावर माँसांचा आवाज, “पंजा वर. पुन्हा.” मधे एकदा शेठ पोरीसाठी दया मागायला गेले तर त्यांनाही जिन्याखाली उभं केलं. दिवाळीला चंपा फराळाचा डबा घेऊन दवाखान्यात आली. काठ्या नव्हत्या. व्हरांड्याच्या पायऱ्या ती एकटी चढली, माँसा खाली उभ्या राहून पंजाकडे बघत होत्या. उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा उशिरा यायचा. पण यायचा.